कांजीचे इंग्रजी धडे

१८६२ सालच्या उन्हाळ्यात पेकिंगच्या ब्रिटिश वकिलातीत काही तरुण चिनी भाषेचे धडे गिरवत होते. गंमत अशी की त्यांची नेमणूक चीनसाठी नव्हतीच, जपानसाठी होती. जपानी लोक चिनी चिन्हांत लिहितात, तेव्हा आधी चिनी पक्की करून घेतली की जपानी निम्मी सर झाली, असा वरिष्ठांचा हिशोब होता. या तरुणांतला अर्नेस्ट साटो पुढे जपानी भाषेचा मोठा जाणकार आणि मुत्सद्दी म्हणून नावाजला. हा हिशोब कसा फसला ते त्याने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत सांगितले आहे. एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, आलेल्या एका खलित्यासोबत जपानी मंत्र्यांच्या पत्राची मूळ प्रत होती. पेकिंगमधल्या एकाही चिनी माणसाला ती उलगडेना. चिन्हे त्यांच्याच देशातून गेलेली, पण मजकूर परका! चिनीच्या वाटेने जपानीकडे जाणारा आडमार्ग नाही, हे त्या एका कागदाने ठरवून टाकले. ८ सप्टेंबर १८६२ रोजी साटो योकोहामाला उतरला आणि त्याचे खरे शिक्षण तिथे सुरू झाले.

इंग्रजी बोलणाऱ्या नवशिक्याला कांजी, म्हणजे चीनमधून आलेली ही जपानी लेखनचिन्हे, कशी शिकवावीत हा प्रश्न तेव्हापासून दीडशेहून अधिक वर्षे चघळला जात आहे. त्यावर लिहिलेली पुस्तके एखादे कपाट भरेल इतकी आहेत आणि बहुतेकांच्या प्रस्तावनेत एकच तक्रार असते : चिन्हे फार, रेघा फार, स्मरणशक्ती अपुरी. मला हे निदान चुकीचे वाटते. या इतिहासाकडे नीट पाहिले तर दिसते ते असे, की जिथे चिन्ह शब्दापासून सोडवून, एखाद्या कल्पनेचे चित्र म्हणून शिकवले गेले, तिथे श्रम वाया गेले. जिथे ते एखाद्या जपानी शब्दाचे लेखन म्हणून समोर आले, तिथे लोक वाचू लागले. पेकिंगची चूक एकदाच झाली असती तर तो निव्वळ किस्सा ठरला असता. ती नव्या नव्या वेषात परत येत राहिली, म्हणून तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते पाहू. पाण्याचे चिन्ह एकटे आले की जपानी माणूस ते ‘मिझु’ असे वाचतो. तेच चिन्ह नळाच्या पाणीपुरवठ्यासाठी असलेल्या ‘सुइदो’ या शब्दात आले की ‘सुइ’ असे वाचतो. पहिला शब्द घरचा, दुसरा चीनमधून आलेला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपण पाणी पितो, पण धरणावर तयार होते ती जलविद्युत. ‘पाणी’ आणि ‘जल’ या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच खूण असती, तर कुठे काय वाचायचे हे खुणेने सांगितले नसते, भोवतीच्या शब्दाने सांगितले असते. जपानीत असे हजारो वेळा घडते. शिवाय चिनी शब्द वेगवेगळ्या शतकांत, चीनच्या वेगवेगळ्या भागांतले उच्चार घेऊन आले. ‘जाणे’ या अर्थाचे चिन्ह प्रवासाच्या ‘र्योको’ या शब्दात ‘को’ होते, रांगेच्या ‘ग्योरेत्सु’ या शब्दात ‘ग्यो’ होते आणि कागदी दिव्याच्या ‘आन्दोन’ या नावात ‘आन’ होते. काही शब्दांत तर चिन्हागणिक उच्चार वाटताच येत नाही. ‘मोठा’ आणि ‘माणूस’ ही दोन चिन्हे शेजारी आली की वाचायचे ‘ओतोना’, म्हणजे प्रौढ माणूस, आणि त्यातला कोणता ध्वनी कोणत्या चिन्हाचा हे विचारण्यात अर्थ नाही. उच्चार शब्दाच्या मालकीचा असतो. हे ध्यानात घेतले तर दोन हजार चिन्हांची एकेक अर्थासह यादी पाठ करणाऱ्याच्या पदरी नेमके काय पडते, असा प्रश्न उभा राहतो.

युरोपीय माणसाला हे पहिल्यापासून कळले नव्हते, असे मात्र नाही. इथे कथेचा धागा थेट गोव्यात येतो. जपानमधल्या कागोशिमाचा आंजिरो मलाक्यात फ्रान्सिस झेवियर या जेझुइट मिशनऱ्याला भेटला, १५४८ साली गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तिथल्या सेंट पॉल कॉलेजात तो पोर्तुगीज शिकला. पुढच्याच वर्षी कोचीनहून पाठवलेल्या पत्रात झेवियरने त्याच्या तोंडचे एक उत्तर नोंदवले आहे. तुम्ही आमच्यासारखे का लिहीत नाही, असे विचारल्यावर आंजिरोने उलट विचारले, की तुम्हीच आमच्यासारखे का लिहीत नाही? माणसाचे डोके वर आणि पाय खाली असतात, तेव्हा लिहायचे तेही वरून खाली. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर कागोशिमाला उतरला. पुढे जेझुइटांनी जपानी तरुणांचे जे शिष्टमंडळ युरोपला नेले, ते परतताना सोबत छापखाना घेऊन गोव्यात थांबले. त्यांच्यातल्या एकाचे लॅटिन भाषण १५८८ साली गोव्यात छापले गेले आणि १५९० मध्ये तो छापखाना जपानला पोहोचला. त्यावर १५९८ साली निघालेला ‘राकुयोशू’ हा कांजीचा कोश आजही विचारात पाडतो. त्याचे एक अंग चिनी उच्चारांप्रमाणे लावलेले, दुसरे जपानी शब्दांप्रमाणे आणि आकारावरून शोधण्याचे अंग सर्वांत शेवटी. १६०३ चा जपानी-पोर्तुगीज कोश तर सुमारे ३२ हजार शब्दांचा, सगळा रोमन लिपीत, उच्चारावर उभा. या पाद्र्यांना जपानी माणसांशी बोलायचे होते, त्यांची पापकबुली ऐकायची होती. शब्दाला बगल देणे त्यांना परवडणारे नव्हते. १६१४ च्या ख्रिस्ती धर्मबंदीने आणि १६३९ मध्ये पोर्तुगिजांना देशाबाहेर काढल्याने ही परंपरा तुटली. त्या छापखान्याच्या पुस्तकांची पहिली महत्त्वाची सूची १८८८ साली कुणी केली? याच साटोने. पण तोवर इंग्रजी शिकाऊंनी आपली वेगळी, आणि बरीचशी चुकीची, वाट धरली होती.

ती चूक कांजीहून जुनी नसली तरी इंग्रजी शिकवणीहून नक्कीच जुनी आहे. चिनी चिन्हे ध्वनीला वळसा घालून थेट कल्पनेला भिडतात, ही समजूत युरोपात मिशनऱ्यांच्या आणि तत्त्वज्ञांच्या लेखनातून पसरली. फिलाडेल्फियाच्या पीटर द्यू पोन्सो या वकील-भाषाभ्यासकाने १८३८ साली तिचे पद्धतशीर खंडन केले : कोणतीही वापरातली लिपी शब्द लिहिते, नुसत्या कल्पना लिहू शकत नाही. त्याचे कुणी फारसे ऐकले नाही. १८७८ मध्ये तोक्यो विद्यापीठात शिकवायला आलेल्या अर्नेस्ट फेनोलोसाच्या टिपणांवरून कवी एझ्रा पाउंडने १९१९ साली चिनी चिन्हे म्हणजे कवितेचे माध्यम अशा आशयाचा प्रसिद्ध निबंध छापला आणि ती समजूत नव्याने तरुण झाली. कवींना ती फळली, हे मान्य. विद्यार्थ्यांना फळली असे म्हणवत नाही. कारण चित्रावरून आलेली चिन्हे एकूणात थोडी. बहुसंख्य चिन्हांत एक अंग अर्थाची दिशा सुचवते आणि दुसरे उच्चार. बौद्ध मंदिराचे चिन्ह ‘जी’ असे वाचतात. त्याला हाताचे अंग जोडले की धरणे, सूर्याचे जोडले की वेळ, माणसाचे जोडले की सामुराई, आणि या तिन्हींचा चिनी धाटणीचा उच्चार पुन्हा ‘जी’च. मंदिराचा धरण्याशी, वेळेशी किंवा सामुराईशी अर्थाने काही संबंध लावायचा तर खूप कल्पक असावे लागेल. आणि कल्पक शिक्षकांची वाण कधीच नव्हती.

योकोहामात साटो काय करत होता, याचे त्याने केलेले वर्णन पद्धतींच्या अनेक ग्रंथांपेक्षा मोलाचे आहे. अमेरिकी मिशनरी सॅम्युएल ब्राउन यांच्याकडे आठवड्याला काही धडे, आणि वाकायामाचा वैद्य ताकाओका कानामे हा पत्रलेखनाचा शिक्षक. ताकाओका धावत्या लिपीत एक छोटे पत्र लिहून देई, मग तेच सुट्या सुबक चिन्हांत उतरवून त्याचा अर्थ सांगे. साटो इंग्रजी भाषांतर करून बाजूला ठेवी, अधूनमधून दोन्ही प्रती वाचत राही आणि काही दिवसांनी ते भाषांतर समोर घेऊन मूळ जपानी आठवणीने परत लिहू पाही. यात चिन्हांची यादी नाही, अर्थाची चित्रे नाहीत. आहे तो सबंध मजकूर, त्यातले शब्द आणि ते शब्द परत उभे करण्याची कसरत. पुढे साटोने अक्षरवळणही कसून गिरवले, पण भाषा हाती आल्यावर. जेम्स हेपबर्न या डॉक्टर मिशनऱ्याने १८६७ साली काढलेला कोशही याच अंगाने जातो : आधी रोमन अक्षरांत शब्द, मग काताकाना या उच्चारलिपीत, मग कांजीत. १८९९ मध्ये बॅसिल हॉल चेंबरलेन यांचा ‘मोजि नो शिरुबे’ हा जपानी लेखनाची ओळख करून देणारा जाडजूड ग्रंथ आला. तो आज कुणी वाचत नसेल, पण इंग्रजीतून कांजी हा स्वतंत्र विषय म्हणून शिकवण्याची सुरुवात तिथे झाली. त्याच्या आधी बोलभाषेचे आपले पुस्तक चेंबरलेनने १८८८ मध्येच दिले होते, हे विसरू नये. क्रम त्याला पटलेला होता.

या पद्धतीची खरी परीक्षा युद्धाने घेतली. नागानुमा नाओए हा तरुण १९२३ पासून तोक्योतल्या अमेरिकी वकिलातीत भाषा शिकायला येणाऱ्या सैनिकी अधिकाऱ्यांना जपानी शिकवत होता. त्यांच्यासाठी त्याने १९३१ ते १९३४ दरम्यान सात भागांची वाचनमाला रचली. साध्या वाक्यांपासून सुरू होऊन ती हळूहळू वर्तमानपत्री आणि वाङ्मयीन गद्यापर्यंत नेते, आणि प्रत्येक नवे चिन्ह एखाद्या मजकुरातल्या शब्दात भेटते. ऑक्टोबर १९४१ मध्ये अमेरिकी नौदलाने हार्वर्ड आणि बर्कली इथे जपानी वर्ग उघडले. पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना सक्तीने हलवण्यात आले. त्यांत नौदलाचे शिक्षकही होते, म्हणून १९४२ च्या जूनमध्ये शाळाच कोलोरॅडोतल्या बोल्डरला गेली. तिथे नागानुमाच्या वाचनमालेच्या अमेरिकेत काढलेल्या प्रती घेऊन, आठवड्याचे सहा दिवस आणि दर शनिवारी परीक्षा अशा शिस्तीत, वर्षभरात किंवा थोड्या अधिक काळात मुलांना हस्तलिखिते वाचण्यापर्यंत आणले गेले. डोनाल्ड कीन आणि एडवर्ड सायडनस्टिकर हे जपानी साहित्याचे दोन थोर अनुवादक याच शाळेचे. शत्रुदेशाच्या नागरिकाने लिहिलेली पुस्तके घेऊन, ज्यांचे नातलग छावण्यांत डांबलेले होते अशा शिक्षकांनी हे काम केले, हेही नोंदवायलाच हवे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बोल्डरची मुले निवडक होती, तरुण होती, दुसरे काहीच करत नव्हती. मग यश पद्धतीचे की वेळेचे? वेळेचा वाटा मोठा, हे निर्विवाद. अमेरिकी परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आजही इंग्रजी बोलणाऱ्याला जपानीसाठी सुमारे २,२०० तास लागतील असे धरते, स्पॅनिशच्या जवळपास तिप्पट. पण तास किती हे एक आणि ते कशावर घालवले हे दुसरे. दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो. शब्द ठाऊक असणे इतके मोलाचे, तर अमेरिकेत जन्मलेल्या, घरी जपानी ऐकत वाढलेल्या निसेई मुलांना कांजी सहज यायला हवी होती. सैन्याने ३,७०० निसेई सैनिकांची पाहणी केली तेव्हा जपानीवर खरे प्रभुत्व असलेले जेमतेम ३ टक्के निघाले. हे खरे आहे, आणि माझे म्हणणेही कधी असे नाही की बोलता आले म्हणजे वाचता येते. घरच्या बोलण्यात ‘पुरवठा’, ‘तुकडी’, ‘माघार’ असले शब्द येत नाहीत. लेखी जपानीचा मोठा भाग चिनी धाटणीच्या शब्दांचा आणि तो वाचनातूनच मिळतो. तरीही पाहणीनंतर काय झाले ते पाहा. १ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ६० विद्यार्थ्यांनिशी उघडलेल्या सैनिकी भाषाशाळेत दोघे सोडता सगळे निसेई होते, आणि युद्ध संपेपर्यंत अशा हजारोंनी पकडलेले कागद, नकाशे, डायऱ्या वाचून दाखवल्या. घरच्या भाषेने कांजी दिली नाही, पण कांजी बसवायला जमीन दिली.

तिसरा आक्षेप ब्रिटिश आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत बेडफर्ड इथे निवृत्त नौदल कप्तान ऑसवल्ड टक यांनी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या ग्रीक-लॅटिन शिकणाऱ्या मुलांना सहा महिन्यांत जपानी वाचायला शिकवायचे ठरवले. बोलणे जवळजवळ नाहीच. तो वर्ग यशस्वी झाला आणि त्यातले काही दिल्लीच्या बिनतारी संदेशकेंद्रात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामाला आले. ब्रिटिश म्युझियममध्ये काम करणाऱ्या आर्थर वेलीने तर जपानचे तोंडही न पाहता ‘गेंजी’ या अभिजात जपानी कादंबरीचे भाषांतर केले. मग शब्द तोंडात बसलाच पाहिजे हे कशावरून? दोन्ही उदाहरणे नीट तपासली तर ती माझ्याच बाजूने उभी राहतात. सांकेतिक संदेशांत शब्दांचा साठा ठरीव असतो आणि जपानी राजनैतिक तारा तर रोमन अक्षरांत लिहून मग सांकेतिक केल्या जात. तिथे वाचायची होती ती भाषा, चिन्हे कितीतरी वेळा नव्हतीच. ‘गेंजी’ हे पुस्तक मुळात बहुतांशी हिरागाना या उच्चारलिपीत लिहिलेले आहे. वेलीने शब्द आणि व्याकरण शिकून घेतले, चित्रे नव्हे. बोलणे टाळता येते, भाषा टाळता येत नाही, इतकेच या दोघांनी दाखवले.

युद्धानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. बोलभाषा हीच खरी भाषा, लेखन तिची सावली, हे भाषाशास्त्रज्ञ ब्लूमफिल्डच्या पठडीचे मत. त्या पठडीतल्या बर्नर्ड ब्लॉक आणि एलिनॉर जॉर्डन यांचे १९४५ चे पाठ्यपुस्तक आणि जॉर्डन यांचे १९६२-६३ चे पुस्तक सगळे रोमन लिपीत. पिढ्यान्‌पिढ्यांचे विद्यार्थी वर्षभर फर्डे बोलून तोक्योत उतरले आणि रेल्वे स्टेशनचा फलक पाहून थिजले. ही तक्रार रास्त होती. पण जॉर्डन यांच्यावर कांजीद्वेषाचा आरोप करणाऱ्यांनी त्यांचे १९७६ चे वाचनपुस्तक उघडलेले नसावे. हामाको चॅप्लिन यांच्यासह लिहिलेल्या त्या पुस्तकात कांजी फक्त ४२५, आणि त्या विद्यार्थ्याला आधीच बोलता येणाऱ्या वाक्यांतून येतात. तत्त्व बिनचूक होते. चुकले ते वेळापत्रक : लिहिलेला शब्द इतका काळ लांबणीवर टाकायचे कारण नव्हते.

दरम्यान जपानी सरकारने एक असे काम केले की ज्याचा परिणाम परक्या विद्यार्थ्यावर होईल हे तेव्हा कुणाच्या मनातही नसावे. १६ नोव्हेंबर १९४६ रोजी रोजच्या वापराच्या १,८५० कांजींची यादी जाहीर झाली, १९४८ मध्ये त्यातल्या ८८१ प्राथमिक शाळेसाठी वेगळ्या काढल्या. पुढे १९८१ मध्ये एकूण यादी १,९४५ वर आणि २०१० मध्ये २,१३६ वर गेली. समुद्राला किनारा मिळाला. इंग्रजी पुस्तकांनी ही यादी उचलली, आणि तिच्यासोबत जपानी शाळेतला इयत्तावार क्रमही. इथेच घोटाळा झाला. सहा वर्षांच्या जपानी मुलाला किडा, शिंपला, दोरा ही चिन्हे पहिलीत शिकवतात ते योग्यच आहे. रेघा कमी, आणि शब्द त्याला तिसऱ्या वर्षापासून येतात. ‘मी’ या अर्थाच्या ‘वाताशी’चे चिन्ह मात्र सहावीत येते. अर्थव्यवस्थेच्या ‘केइझाइ’ या शब्दाचे एक चिन्ह पाचवीत, दुसरे सहावीत. ओसाकात नोकरीला आलेल्या इंग्रज हिशेबनिसाला पहिल्या वाक्यापासून ‘वाताशी’ लागतो आणि दुसऱ्या आठवड्यात ‘केइझाइ’. शिंपला त्याला वर्षभर भेटत नाही. शाळेचा क्रम हा ज्याला भाषा येते त्याच्यासाठीचा लेखनाचा क्रम आहे. त्यातली ‘भाषा येते’ ही अट गाळून उरलेला क्रम घेतला की शिंपले उरतात.

आणि मग १९७७. जेम्स हायसिग, पुढे नागोयाच्या नानझान विद्यापीठातले धर्म-तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, यांनी कामाकुराच्या भाषाशाळेत आल्यावर महिनाभरात सुमारे दोन हजार चिन्हांचा अर्थ आणि लेखन पाठ केले व त्या पद्धतीचे पुस्तक काढले. प्रत्येक चिन्हाला एक इंग्रजी बीजशब्द, चिन्हाचे तुकडे, तुकड्यांची एक गोष्ट. उच्चार मुद्दाम गाळलेला, तो पुढच्या भागात. हे पुस्तक गेली चार-पाच दशके इंग्रजी शिकाऊंमध्ये धर्मग्रंथासारखे वाचले जाते आणि त्यावर तितकेच कडाक्याचे वाद होतात. मी त्याला फसवेगिरी म्हणणार नाही. रेघांच्या जंगलाला घाबरलेल्या प्रौढाला ते तुकड्यांत पाहायला शिकवते, सारखी दिसणारी चिन्हे वेगळी ठेवायला शिकवते आणि हे काम शाळेतल्या शंभर वेळा गिरवण्यापेक्षा चांगले करते. हायसिग यांचा मूळ युक्तिवाद मात्र तपासायला हवा. चिनी विद्यार्थी जपानीत पुढे का असतो? कारण चिन्हांचे अर्थ आणि लेखन त्याला आधीच येते, तेव्हा इंग्रजी बोलणाऱ्यालाही आधी तेवढे देऊन त्याच्या बरोबरीला आणावे. ऐकायला पटते. पण चिनी विद्यार्थी सोबत आणतो ती दोन हजार सुटी चिन्हे नसतात. तो हजारो शब्द आणतो, कारण अर्थव्यवस्था, समाज असे शब्द मेइजी काळात, म्हणजे जपानच्या आधुनिकीकरणाच्या काळात, जपानी लेखकांनी घडवून किंवा जुन्या चिनी ग्रंथांतून नव्या अर्थाने उचलून रूढ केले आणि ते चिनीतही गेले. जिथे शब्द जुळत नाही तिथे चिन्हे ओळखीची असूनही तोच चिनी विद्यार्थी आपटी खातो : ‘हात’ आणि ‘कागद’ ही जोडी जपानीत पत्र आणि आजच्या चिनीत शौचालयातला कागद. पेकिंगमध्ये १८६२ साली त्या पत्रापुढे चिनी वाचक थबकले होते तेव्हा त्यांना चिन्हांचे अर्थ ठाऊकच होते की.

अर्थ कळला तर अनोळखी शब्दाचा अंदाज बांधता येतो, हा हायसिगपंथीयांचा शेवटचा आणि सर्वांत चांगला मुद्दा. मी तो मान्य करतो, पण एका अटीवर. अंदाज जुळतो तो ज्याच्या गाठी त्याच चिन्हाचे चार शब्द आधीच आहेत त्याचा. ‘जलोदर’ पहिल्यांदा वाचणाऱ्या मराठी माणसाला पोटात पाणी साचल्याचे सुचते, कारण त्याने जलप्रवास, जलाशय ऐकलेले असतात. एका इंग्रजी बीजशब्दाच्या आधारे दोन चिन्हांची बेरीज करणारा मात्र ‘मोठा माणूस’ वाचून भीमासारखा कुणी समोर आणतो. पुण्यात गेली कित्येक वर्षे जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या हाती इंग्रजीतून लिहिलेली पुस्तकेच बहुधा पडतात. एका शब्दाचे घरचे आणि संस्कृत असे दोन अवतार लहानपणापासून वापरणाऱ्या या मुलांनाही दुहेरी वाचन म्हणजे भलती आपत्ती असे शिकवले जाते, याचे वाईट वाटते. त्यांच्याकडे आणखी एक आयती पुंजी आहे. जपानी उच्चारलिपीचा अ-इ-उ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून गेलेला आपल्याच वर्णमालेचा क्रम आहे. इंग्रजी पुस्तके तो तक्ता कोरा पाठ करायला लावतात.

यंत्रांनी या वादाला अनपेक्षित वळण दिले. २००६ साली डेमियन एल्म्स यांनी स्वतःच्या जपानी अभ्यासासाठी ‘आन्की’ हे कार्डांची उजळणी करून घेणारे सॉफ्टवेअर बनवले आणि आज बरेच नवशिके कांजी तिथेच घोकतात. कार्डाच्या एका बाजूला सुटे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द टाकला तर ती चूक यंत्राच्या अचूकतेने रोज परत परत होते, कार्डावर सबंध वाक्य टाकले तर तेच यंत्र साटोच्या पत्रांच्या जवळ जाते. त्याहून मोठा बदल १९७८ चा. तोशिबाने त्या वर्षी उच्चार टाइप केल्यावर कांजी पुढे करणारा पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला, किंमत ६३ लाख येन. आज तीच सोय प्रत्येक फोनमध्ये आहे. या यंत्राला चिन्हाचा इंग्रजी अर्थ कळत नाही, गोष्ट कळत नाही, त्याला लागतो शब्दाचा उच्चार. ‘क्यो’ टाइप केले की ते आज, राजधानी, पूल असे पर्याय मांडते आणि लिहिणाऱ्याने त्यातला आपला शब्द ओळखायचा असतो. बीजशब्दांनी दोन हजार चिन्हे पाठ केलेल्या माणसाला इथे एकही चिन्ह बोलावता येत नाही. बोटाने आकार काढून किंवा कॅमेरा धरून चिन्ह शोधता येते ना, असे कुणी म्हणेल. येते की. पण शोधून जे समोर येते त्यातही चिन्हाखाली त्याचे उच्चार आणि उच्चारांखाली शब्दच असतात.